मीटरमधला सूर्यनारायण

सूर्य पाहिल्याशिवाय जेवायचं नाही, असा यंदाच्या चातुर्मासाचा नेम साधनाताईंनी ठरवला, त्या दिवशी बाहेर इतकं लख्ख ऊन पडलं होतं की त्यांना तो जरा सोपाच वाटला. (इतका सोपा, की आपण देवाला फसवतोय की काय, अशी एक बारीक टोचणीसुद्धा मनाला लागून गेली.)

नेम काही त्यांना नवीन नव्हते. बावीस वर्षं दर आषाढी एकादशीला ताम्हणात पळीभर पाणी सोडून त्या काहीतरी धरत किंवा सोडत आल्या होत्या. एका वर्षी त्यांनी कांदा सोडला. माहेर देवळ्याचं, घरी कांद्याच्या चाळी. वडिलांनी ती बातमी इतकी मनावर घेतली की चार महिने फोनवर फक्त "जावईबापू बरे आहेत ना?" एवढंच विचारलं. एका वर्षी त्या केळीच्या पानावर जेवल्या. एका वर्षी जेवताना मौन पाळलं. ते वर्ष संसारातलं सगळ्यात सुखाचं होतं, असं सोमनाथराव मित्रांना सांगत (घरी नाही). पण बावीस वर्षांत एकही नेम मोडला नव्हता. साधनाताईंना गर्व असा कशाचाच नव्हता. मात्र उद्या वर गेल्यावर देवाने विचारलंच, तर पुढे करायला हे एक प्रगतिपुस्तक होतं.

यंदा सूर्यच का, याचं कारण गच्चीवर होतं.

सोमनाथराव सिन्नरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच ध्यास लागला होता, की उष्णता आणि वीज या दोन गोष्टी माणसाने घरच्या घरी तयार केल्या पाहिजेत. पहिल्यांदा त्यांनी सूर्यचूल आणली. सकाळी नऊला तिच्यात मूग शिजत ठेवले. चार वाजता झाकण उघडलं, तर मुगांना मोड आले होते. मग मागच्या अंगणात निळं पिंप आलं, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून गॅस करायला. गॅस झालासुद्धा. त्यावर कपभर चहा चाळीस मिनिटांत उकळला. पण गॅस चुलीपर्यंत पोचायच्या आधी वास शेजारच्या सुमनबाईंकडे पोचायचा, आणि त्यांनी दोनदा ड्रेनेजवाल्यांना बोलावून घेतलं. तिसरा प्रयोग सायकलचा. जागच्या जागी पेडल मारून दिवा लावायचा. सोमनाथरावांनी तासभर पेडल मारलं, घामाने बनियन पिळून निघालं, आणि दिवा लागलाय की नाही हे पाहायला साधनाताईंना बॅटरी आणावी लागली.

"भाऊ, आता पुढचं काय?" सुमनबाई कुंपणावरून विचारायच्या. विचारताना पदराचं टोक तोंडाला लावायच्या.

सोमनाथरावही त्यांच्याबरोबर हसायचे. पण त्या रात्री एक पोळी कमी खायचे. सुमनबाईंना ते हसणं दिसायचं, साधनाताईंना ती उरलेली पोळी दिसायची.

म्हणून जेव्हा नाशिकरोडला, जेल रोडच्या त्यांच्या घरावर आठ मोठाल्या सोलरच्या प्लेटा चढल्या, तेव्हा साधनाताईंनी देवघरात हात जोडले आणि म्हणाल्या, "सूर्यनारायणा, हा प्रयोग तरी यशस्वी कर. या माणसाला एकदा तरी लोकांनी शाबास म्हणू दे. मी चार महिने तुला पाहिल्याशिवाय घास घेणार नाही."

प्लेटा बसवायला आली होती ती भाग्यश्री. पेठकडची मुलगी, आयटीआय झालेली, माकडासारखी सरसर शिडी चढणारी. "वायरमन येणार आहे" असं ऐकून साधनाताईंनी पुरुषमाणसाच्या बेताने सहा पोळ्यांचा डबा काढून ठेवला होता. पोरीने तो रिकामा करून वर भाताची चौकशी केली, तेव्हाच ती त्यांना आवडली. जाताना तिने फाटकाजवळच्या पेटीतलं नवं मीटर दाखवलं.

"काकू, हे दोन्हीकडनं मोजतं बरं का. हा बाण आत, हा बाण बाहेर. आतल्या बाणाला आतला आकडा, बाहेरच्याला बाहेरचा. सोप्पंय."

"सोप्पंय," साधनाताई म्हणाल्या. आत म्हणजे आत. देव घरात येतो तो आतला बाण. बाहेर म्हणजे घरातलं बाहेर चाललं, ते काही चांगलं लक्षण नाही. यात न समजण्यासारखं काय होतं?

(मोबाइलवरही सगळं बघायची सोय होती. पण तिचा पासवर्ड सोमनाथरावांनी इतक्या सुरक्षित जागी लिहून ठेवला होता की तो त्यांनाही सापडत नव्हता.)

एकादशीला ताम्हणात पाणी सुटलं. लेक हर्षाली पुण्याहून आलेली, सुमनबाई तीर्थ घ्यायला आलेल्या. एवढी माणसं बघून सोमनाथरावांना स्फुरण चढलं.

"मग माझंही ऐका," ते म्हणाले. "साधना जेवल्याशिवाय मीही तोंडात काही घालणार नाही!"

हे वाक्य त्यांनी दोन वेळा साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि वर एक केळं खाऊन झाल्यावर उच्चारलं होतं, हे इथे सांगितलं पाहिजे.

"बाबा, विचार करा," हर्षाली म्हणाली.

"विचार कसला? वर सूर्य, खाली प्लेटा. आपलंच राज्य आहे."

पहिले आठ दिवस खरोखरच राज्य होतं. सकाळी सातला साधनाताई गच्चीवर जायच्या. पूर्वेला लांबवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या, त्यांच्या डोक्यावरून सूर्य वर यायचा. त्या अर्घ्य द्यायच्या आणि साडेसातला पोहे. नवव्या दिवशी आभाळ भरून आलं. त्या दिवशी सूर्य साडेदहाला दिसला, दहाव्या दिवशी दुपारी दोनला, तोही ढगातून पुसट, खिशातून डोकावणाऱ्या नाण्यासारखा. अकराव्या दिवशी दिसलाच नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला साधनाताई पाणी प्यायल्या आणि जप करत बसल्या. सोमनाथराव देवघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"साधना, चहा अन्नात धरतात का गं?"

"दूध असतं त्यात."

"आणि कोरा?"

"अहो, तुम्ही जेवा ना. मी कुठं तुम्हाला बांधून घातलंय?"

"नाही नाही, शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले, आणि डब्यांच्या फळीकडे अशा नजरेने बघत गेले की साधनाताईंचा जप चुकला.

बाराव्या दिवशीही आभाळ उघडलं नाही. दुपारी देवाची भांडी घासताना साधनाताईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या मोरीशीच खाली बसल्या. सोमनाथराव पंखा आणायला धावले, पंखा म्हणून परात घेऊन आले, तिनेच वारा घालू लागले. त्यांचा चेहरा बघून साधनाताईंना स्वतःपेक्षा त्यांचीच काळजी वाटली. शेवटी पंचवटीतल्या गुरुजींना फोन लावला. या घरातली सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत सगळी कार्यं तेच करायचे.

गुरुजी बहुधा चातुर्मासातल्या कुठल्यातरी काढीव मुहूर्तावरच्या लग्नात होते. मागे सनई, ताशे आणि "मुलीच्या मामाला बोलवा" असा आरडाओरडा.

"गुरुजी, सूर्य ढगाआड असेल तर दर्शन कसं घ्यायचं?"

"काय म्हणता? कोण आड आलंय?"

"ढग! ढग आलाय!"

"हां, हां. अहो ताई, सूर्य म्हणजे तेज. ज्या रूपात तेज प्रकट होईल, ते सूर्यनारायणाचंच रूप. मनोभावे हात जोडायचे. मामा आले का हो?"

फोन बंद झाला. साधनाताई "ज्या रूपात तेज प्रकट होईल" हे शब्द तोंडात घोळवत राहिल्या. सोमनाथरावांच्या मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला. (रिकाम्या पोटी त्यांचं डोकं नेहमीपेक्षा बरं चालतं, असं नंतर लक्षात आलं.)

"अगं, मीटर!"

"मीटरचं काय?"

"प्लेटांवर सूर्य पडल्याशिवाय वीज होते का? नाही. मग आतला बाण फिरत असला तर सूर्य आलेला असलाच पाहिजे. आपल्याला दिसत नसेल, पण प्लेटांना दिसतोय ना! चल, बघू."

दोघं फाटकाशी गेली. काचेआड आतल्या बाणासमोर शून्य होतं. बाहेरच्या बाणासमोर मात्र कसलासा आकडा होता. साधनाताई घाबरल्या.

"हे बघा, घरातलं सगळं बाहेर चाललंय. आत काहीच नाही. माझं चुकलंच असणार काहीतरी. सोवळ्याने नाही ना आले मी. थांबा, अंघोळ करून येते."

त्यांनी गिझर लावला. न्हाऊन, धूतवस्त्र नेसून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून त्या मीटरपाशी आल्या. आणि काय सांगावं! बाहेरचा बाण दिसेनासा झाला होता आणि आतल्या बाणासमोर जवळजवळ दोनाचा आकडा होता. साधनाताईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी पेटीवर कुंकवाचं बोट टेकवलं, पळीभर पाणी (पेटीपासून हातभर लांब, ते एक बरं केलं) सोडलं, आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आलास रे बाबा!"

त्या दिवशी सोमनाथरावांनी सात पोळ्या खाल्ल्या.

मग रोजचाच क्रम लागला. साधनाताई उठायच्या, गिझर लावायच्या, अंघोळ करायच्या, आणि सूर्यनारायण मीटरमध्ये हजर. एकदा त्यांनी पाऊस म्हणून अंघोळीला उशीर केला, तर सूर्यही उशिराच आला. एकदा अंगात कणकण म्हणून नुसते हातपाय धुतले, तर त्या दिवशी आकडा हललाच नाही. एवढी रोकडी प्रचीती त्यांना बावीस वर्षांत आली नव्हती. बाहेरच्या बाणाला आळा बसावा म्हणून त्यांनी शनिवारी पेटीवर लिंबू-मिरची बांधली.

सुमनबाईंनी कुंपणावरून हे सगळं पाहिलं होतं.

"वहिनी, आज किती आहे सूर्य?"

"एक पूर्णांक नव्वद."

"काल जास्त होता का हो?"

"काल डोक्यावरून न्हाले होते ना."

सुमनबाईंनी हनुवटीवर बोट ठेवलं. मग हळूच विचारलं, "मलाही सप्तमीचं व्रत आहे. आमच्याकडे कुठं मीटरमध्ये सूर्य येतो! तुमच्याकडचं दर्शन घेतलं तर चालेल का?"

साधनाताईंनी फाटक उघडलं. नाही कशाला म्हणायचं? सूर्य काय एकाच्या मालकीचा असतो? आणि सुमनबाई पेटीला नमस्कार करून सोमनाथरावांकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, हे मात्र तुम्ही चांगलं केलंत हो!" तोंडाला पदर न लावता म्हणाल्या. सोमनाथरावांनी दिवसभर छाती पुढे काढून दूधवाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांना प्लेटांची माहिती दिली. साधनाताईंना वाटलं, नेम फळाला येतोय.

एक छोटीशी गोष्ट मात्र खटकली. एका संध्याकाळी दिवे लागल्यावर सुमनबाई सहज पेटीत डोकावल्या.

"वहिनी, सूर्य मावळला की. आणि हा आतला बाण अजून चालूच?"

साधनाताईंनी वाकून पाहिलं, खरंच चालू होता. मग सोमनाथरावच पुढे झाले. "दिवसभर साठलेला असतो तो. तव्यावरची शेवटची भाकरी गॅस बंद केल्यावर भाजत नाही का?"

भाकरीचा दाखला दोघींना पटला. साधनाताईंना वाटलं, शिकलेल्या माणसाशी लग्न झालं हे किती बरं.

मीटरमधल्या दर्शनाला अकरा दिवस झाले, आणि तपासणीला भाग्यश्री आली. शिडी लावायच्या आधीच तिची नजर पेटीवर गेली. कुंकू, हळद, वाळलेलं झेंडूचं फूल, लिंबू-मिरची, खाली रांगोळीचं छोटं सूर्यबिंब.

"काकू, मीटर वारलं की काय?"

"असं बोलू नये गं. देव आहे त्यात."

साधनाताईंनी तिला सगळं सांगितलं. ढग, अंधारी, गुरुजी, अंघोळ, एक पूर्णांक नव्वद. भाग्यश्री ऐकत होती. आधी हसत ऐकत होती, मग हसू आवरत, आणि मग तिने पेचकस खाली ठेवला.

"काकू, तुम्ही हात कुठल्या बाणाला जोडत होता?"

"आतल्या. सूर्य आत येतो तो."

"काकू..." पोरीला कसं सांगावं ते कळेना. "आतला बाण म्हणजे तारेवरून तुमच्या घरात येणारी वीज. कंपनीची. तुम्ही गिझर लावला की ती आत येते. सूर्याची जास्तीची वीज जाते ती बाहेरच्या बाणाने."

पाऊस भुरभुरत होता. साधनाताईंच्या हातात भाग्यश्रीसाठी आणलेली लाडवाची वाटी होती, ती तशीच राहिली.

"म्हणजे मी अकरा दिवस हात जोडले ते कुणाला?"

भाग्यश्रीने मान वळवून पूर्वेकडे पाहिलं. ढगांखाली चिमण्या धूर सोडत उभ्या होत्या.

"आता तारेत वीज कुठली कुठली येते, ते कुणाला सांगता येणार? पण जवळचं म्हटलं तर... एकलहऱ्याच्या कोळशाला."

सोमनाथराव घाईघाईने म्हणाले, "दिशा पण बघ ना साधना. पूर्वच होती!"

साधनाताई ओट्यावर बसल्या. बावीस वर्षं! कांदा सोडला, मौन पाळलं, तापात फणफणत असताना केळीच्या पानावर जेवल्या, आणि तेविसाव्या वर्षी अकरा दिवस सूर्य न पाहता जेवल्या. तेही दोन्ही वेळा. एकदा तर सुमनबाईंना बोलावून मसालेभात.

भाग्यश्रीला वाटलं, काहीतरी चांगलं बोललं पाहिजे. तिने पेटीतली लिंबू-मिरची बाजूला सारून आकडे वाचले, पुन्हा वाचले.

"पण काका, तुमचं काम तर एक नंबर चाललंय! एवढ्या ढगातसुद्धा बाहेरचा आकडा बघा. या भागात मी बसवलेल्यांत तुमचंच सगळ्यात जास्त बाहेर गेलंय."

"खरं?" सोमनाथराव म्हणाले.

"मी खोटं कशाला बोलू? शाबास म्हणायला पाहिजे तुम्हाला."

साधनाताईंनी मान वर केली. सोमनाथराव मीटरच्या काचेला नाक लावून तो आकडा बघत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. लग्नात हार घालतानाच काय ते तसे झाले होते. मागितलं होतं ते मिळालं होतं. त्यासाठी धरलेला नेम मात्र मोडला होता. दोन्ही एकाच मिनिटात. आता रडावं की पेढे वाटावेत, हे साधनाताईंना कळेना.

"पण ही बाहेरची वीज जाते कुठं?" त्यांनी पदराने नाक पुसत विचारलं.

"जवळपास जिथं काही चालू असेल तिथं."

तेवढ्यात कुंपणापलीकडून इंडक्शनच्या शेगडीवरच्या कुकरची शिटी आणि सुमनबाईंचं गाणं एकदमच ऐकू आलं. तिघांनीही तिकडे पाहिलं.

"असेल," भाग्यश्री म्हणाली, आणि लाडू तोंडात टाकून शिडी चढली.

दुपारी हर्षालीचा फोन आला. आईचा आवाज ऐकून तिने सगळं काढून घेतलं. पाच मिनिटं फोनवर नुसता खोकल्यासारखा आवाज येत होता; हर्षाली हसत नव्हती, असं ती नंतर शपथेवर म्हणाली.

"आई, रडू नकोस. कोळसा म्हणजे तरी काय? कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं. ती कशावर वाढली? उन्हावर. म्हणजे ते ऊनच की, साठवलेलं. तू सूर्याचंच दर्शन घेतलंस. फक्त जुन्या."

साधनाताईंनी क्षणभर विचार केला.

"म्हणजे शिळ्या," त्या म्हणाल्या. "शिळं देवकार्याला चालत नाही."

पुन्हा गुरुजींना फोन गेला. या वेळी ते घरीच होते आणि निवांत होते.

"मी मीटरला हात जोडा म्हटलं?" गुरुजी थक्क झाले. "बरं, असू दे. ताई, तुम्ही जाणूनबुजून नेम मोडलेला नाही. त्याला चूक म्हणतात, आणि चुकीला वाट असते. चातुर्मास संपल्यावर अकरा दिवस जास्तीचे धरा. मात्र उद्यापासून दर्शन उघड्या आकाशाखालीच. डोळ्यांनी. आणि ज्याच्यामुळे ही चूक वाढत गेली, त्यानेही अकरा दिवस बरोबर उभं राहायचं."

"तसं कुणी नाही हो. माझीच चूक."

फोन स्पीकरवर होता. सोमनाथराव घसा खाकरत होते. एकदा खाकरले, दोनदा खाकरले.

"साधना, मला तिसऱ्या दिवशीच जरा शंका आली होती."

"कसली?"

"तू अंघोळीला गेलीस की सूर्य यायचा. मग एकदा तू बाहेर असताना मी नुसता गिझर लावून पाहिला. तर तू नसतानाही आला. मग इस्त्री लावून पाहिली. तर थोडासा आला."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मला वाटलं, जुन्या स्कूटरसारखं असेल. आधी तापवावं लागतं, मग चालू होतं." पायाच्या अंगठ्याने ते फरशी टोकरत राहिले. "खरं सांगू? तू मोरीशी बसलीस ना त्या दिवशी, त्यानंतर मला त्यावर जास्त विचारच करायचा नव्हता. तू जेवत होतीस. मला तेवढं बास होतं."

साधनाताईंनी रागवायचं ठरवलं होतं. ते राहून गेलं.

"ऐकलं मी," फोनमधून गुरुजी म्हणाले. "सोमनाथराव, उद्या सकाळी गच्चीवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोघंही गच्चीवर हजर होती. आभाळ घोंगडीसारखं खाली आलेलं. सोमनाथरावांनी दोन पाट आणले, एक छत्री आणली, प्लेटा फडक्याने पुसल्या, पुन्हा पुसल्या. सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. पोटात कावळे ओरडत होते, पण जुन्या सूर्यचुलीपासून सायकलपर्यंत सगळ्या प्रयोगांच्या गोष्टी निघाल्या आणि दोघं इतकी हसली की साधनाताईंना वाटलं, एवढा वेळ आपण दोघं नुसती बसलो होतो ते कधी?

दहाच्या सुमाराला खालून तळणाचा वास आला.

"ओव्याच्या पानांची," सोमनाथराव डोळे मिटून म्हणाले.

"नाव नका घेऊ."

साडेदहाला साधनाताईंना राहवेना. अकरा दिवसांची सवय पायांना लागलेली. "मी आलेच हं, जरा पाय मोकळे करून," असं म्हणून त्या खाली उतरल्या आणि त्यांचं त्यांना कळायच्या आत फाटकाशी पेटीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आज बाहेरचा बाण होता. खरा. त्याच्यासमोरचा आकडा त्यांच्या देखत वाढायला लागला. वाढतच गेला. कालपर्यंत त्याला लिंबू-मिरची बांधून ठेवली होती, म्हणून त्यांनी कान पकडले, मनापासून हात जोडले, डोळे मिटले.

"साधना! आला! अगं, आला! लवकर ये!" गच्चीवरून सोमनाथराव ओरडत होते.

बावीस पायऱ्या, आणि उजवा गुडघा पावसाळ्यात तसाही ऐकत नाही. साधनाताई धापा टाकत वर पोचल्या, तेव्हा सोमनाथराव पूर्वेकडे तोंड करून हात जोडून उभे होते. समोर पुन्हा घोंगडी होती. तिला भोकसुद्धा नव्हतं.

"गेला?"

"गेला. पण काय दिसला म्हणून सांगू! चांगला लख्ख. माझ्या मनगटावर सावली पडली."

"म्हणजे तुमचं दर्शन झालं," साधनाताई म्हणाल्या. "तुम्ही जेवा आता."

"तू जेवल्याशिवाय मी जेवत नाही. एकादशीला चारचौघांत बोललोय."

तेवढ्यात जिन्यातून सुमनबाईंचा हात वर आला, हातात ताटली, ताटलीतून वाफ. (भाग्यश्रीने जाताजाता त्यांनाही सगळं सांगितलं होतं.)

"वहिनी, भाऊ, घ्या गरमगरम! तुमच्याच सूर्यावर तळलीत बरं का. थंड झाली तर सांगा, पुन्हा तापवून देते, लाईट आहे भरपूर!"

ताटली दोन पाटांच्या मध्ये ठेवून, तिच्यावर छत्री धरून, दोघं पुन्हा पूर्वेकडे तोंड करून बसली.

"अहो," बऱ्याच वेळाने साधनाताई म्हणाल्या, "तो आला तेव्हा काही वाटलं का हो तुम्हाला? म्हणजे, काही खूण?"

"वाटलं ना," सोमनाथराव भज्यांवरची नजर न काढता म्हणाले. "इकडेतिकडे बघत होता. मला म्हणाला, बाई कुठं आहेत?"

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, तुम्ही आलात का ते बघायला खाली मीटरकडे गेल्यात."